दुसऱ्या कपावरची साय

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. दर वर्षी या दिवशी सगळ्यांत आधी कस्तुराचा निरोप येतो. लिहिलेला नाही, बोललेला. ‘सिंधे, तुझ्या बाबासायेबाला माझाबी नमस्कार सांग. अन् रडत बसू नको, च्या पी.’ लातूरला डी.एड. करताना वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो, तेव्हापासूनचा हा दरारा. बाई शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, पण मोबाइलवर एक ओळ लिहील तर शपथ. म्हणते, माझे हात कायम पिठात, टाइप कोण करत बसणार.

या वर्षी नुसते जोडलेले दोन हात आले. पिवळे, चित्रातले.

असेल कामात. शिल्पाचं लग्न ठरलंय, स्थळ उदगीरचं, माघातला मुहूर्त. मुलीच्या आईला श्वास घ्यायला फुरसत नसणार. तिचा स्टेटस मात्र सकाळीच होता: निलंग्याच्या घरापुढची रांगोळी आणि ‘शुभ सकाळ’. म्हणजे बरी आहे.

मीही नेहमीचा चहाचा फोटो टाकला. बाल्कनीतलं टेबल, गुलाबाची कुंडी, दोन कप. आमचे हे, संघपाल, दिवाळीनंतर पुण्याला मुलाकडे गेलेत, त्यामुळे चहा एकीपुरताच करते. दुसऱ्या कपात फ्रिजमधला कालचा उरलेला ओतते. टेबलावर एकच कप ठेवला की फोटो कसा उघडाबोडका दिसतो. चव कोण बघणार आहे!

१० डिसेंबर, मंगळवार

स्टेटस कुणी कुणी बघितला ती यादी मी रोज वाचते. शाळेत हजेरी घ्यायचे तशी. जन्माची खोड आहे, जायची नाही. सगळ्यांत वर संघपाल. पुण्यात रिकामे बसून असतात, दुसरं काय करणार. मग वसतिगृहातल्या मैत्रिणी. त्यात कस्तुराचं नाव दिसलं की जीव भांड्यात पडतो. हजर!

आज मात्र राहवलं नाही म्हणून तिला फोन केला. पूर्ण वाजला. थोड्या वेळाने लिहिलेला निरोप आला: ‘कामात आहे, नंतर बोलू.’

कस्तुरा आणि ‘नंतर बोलू’? ही बाई भाकरी थापता थापता, फोन कानाला आणि खांद्याला अडकवून तासभर बोलणारी. माझ्यावर रागावली आहे, दुसरं काही नाही. नोव्हेंबरात शेवटचं बोलणं झालं तेव्हा वेळ अमावास्येच्या शेतातल्या जेवणाचा विषय काढून म्हणाली होती, ‘औंदा येळवसला येच. तुझ्याशी बोलायचंय जरा. फोनवर न्हाई.’ तिचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. तेव्हापासून मी विचार करतेय, माझं काय चुकलं? शिल्पाच्या साखरपुड्याला गेले नाही हे खरं. संघपालांशिवाय एकटी गेले असते तर लोकांनी विचारलं असतं, साहेब का नाही आले. ते टाळलं. तेच तिला लागलं असणार.

१५ डिसेंबर, रविवार

कस्तुराचा आजचा स्टेटस: गच्चीवर पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया. खाली लिहिलंय, ‘लेकीच्या रुखवताची तयारी.’ मैत्रिणींच्या ग्रुपवर लगेच बदामांचा पाऊस.

मी आपली फोटो मोठा करून बघत बसले. डिसेंबरात कुरडया? या उन्हात कुरडई वाळत नाही, आंबते. कस्तुराने तर मला अख्खी खोली हसेल असं झापलं होतं एकदा, मी शिमग्याआधी पापड करायला घेतले म्हणून.

ग्रुपवर लिहिलं, कुणाचं कस्तुराशी बोलणं झालंय का? सरजा लातूरला असते, निलंग्यापासून सगळ्यांत जवळ तीच. तिने लगेच फोन केला. ‘अगं सिंधू, रोज तर दिसायली की ती! काल साडी, परवा पोळ्या. तुझ्यापेक्षा मजेत हाय. लग्नघर हाय ते. तू उगं मनाला लावून घ्यायलीस.’

‘पण तू बोललीस का तिच्याशी?’

‘बोलायला कशाला पायजे? रोज बघायलो की आपण.’

पटलं मला. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं: मलाही सगळे रोज बघतात.

२२ डिसेंबर, रविवार

येळवस आठ दिवसांवर आणि कस्तुराचं आमंत्रण नाही. लातूरकडे येळवसचं बोलावणं वाटेवरच्या माणसाला देतात. शेतात जेवायला या म्हणतात आणि हात धरून नेतात. आणि मला नाही!

शेवटी मलप्पादाजींच्या बियाण्यांच्या दुकानात फोन लावला. दाजी म्हणजे कस्तुराचे यजमान. ‘मजेत हाय, अक्का. लई गडबड हाय घरात, पाव्हणे बसलेत,’ एवढंच बोलले आणि ठेवला. मागे पाहुण्यांचा आवाज नव्हता. पंख्याचा होता. येळवसचं नावही त्यांनी काढलं नाही.

आता मला खरंच भीती वाटायला लागली आहे, आणि ती इथेच लिहू शकते. मलप्पादाजींचा राग मी पाहिलाय. एकदा आमटी खारट झाली म्हणून जेवतं ताट भिंतीवर मारलं होतं. कस्तुरा हसत हसत भिंत पुसत होती आणि मीही हसले होते. तिचा आवाज महिनाभर ऐकला नाही. तिचा फोन दुसऱ्याच्या हातात असेल तर?

संघपालांचा फोन आला होता. ‘बरी आहेस ना?’ मजेत आहे म्हटलं. ‘दिसतंय,’ म्हणाले. कस्तुराचं सांगावं असं ओठांवर आलं होतं, पण आधी आमचंच इतकं काही सांगायचं राहिलंय.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस



नांदेडात आजच्या दिवसाचं फारसं काही नसतं. लातूरकडे मात्र गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. दुपारी कस्तुराचा स्टेटस आला: ‘आमची येळवस.’ कडब्याची खोपटीसारखी कोपी, आत चुना दिलेले पाच दगड म्हणजे पांडव, आंबिलीचं मडकं, पालेभाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं आणि मधोमध हसणारी कस्तुरा. बघताक्षणी इतकं हायसं वाटलं, की मोबाइलवरच तिच्या गालावर बोट ठेवलं. पाठोपाठ राग आला. म्हणजे मलाच वगळलं! कुणाकुणाला बोलावलंय बघू, म्हणून फोटो मोठा केला. कोपीच्या तोंडाशी चपला पडल्या होत्या, त्या बघत गेले.

त्यात एक जोड माझा.

मागच्या येळवसला ढेकळात माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता. कस्तुराने दाभण घेऊन निळ्या दोऱ्याने तो शिवून दिला होता. तोच निळा दोरा. ती चप्पल मी उन्हाळ्यात फेकून दिली.

फोटो मागच्या वर्षीचा आहे. मग कुरडया उन्हाळ्यातल्या. रांगोळ्या कधीच्या कुणास ठाऊक. मग आजची कस्तुरा कुठे आहे?

तिला लिहिलं: ‘हा फोटो मागच्या वर्षीचा आहे. त्यात माझी चप्पल आहे. तू कुठे आहेस?’

निळ्या खुणा लगेच उमटल्या. कुणीतरी वाचलं. पुन्हा स्टेटस उघडायला गेले तर फोटो काढून टाकलेला. उत्तर नाही. मी फोन उपडा ठेवून दाराची कडी लावली. नांदेडातल्या माझ्या घराची! निलंगा कुठे, मी कुठे. पण पलीकडून कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटत राहिलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

सरजाला म्हटलं, तासाभराचा रस्ता आहे तुझा, जाऊन बघून ये. म्हणाली, ‘बोलावल्याबिगर लग्नघरी कशी जाऊ? अन् चप्पलच तर हाय, सिंधू. जुना फोटू टाकला असंल पोरीनं.’ पोलिसात जावं तर तिथे तरी काय सांगू? माझी चप्पल सापडली म्हणून?

सकाळी पुन्हा रांगोळी आली आहे. कमळाची. ग्रुपवर सगळ्यांनी नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्यात तिला. आणि तिनेही, म्हणजे त्या कुणीतरी, सगळ्यांना दिल्यात.

मी परवा जाणार.

३ जानेवारी, शुक्रवार, निलंगा

कस्तुराच्या घरी बसून लिहितेय. ती जिवंत आहे. आधी तेवढं लिहून टाकते.

काल निघताना चहाचा फोटो टाकला, दोन कप, म्हणजे मी घरीच आहे असं वाटावं. अशी कशी मी? जिवाला घोर आणि हाताला ही सवय. लातूरला बस बदलली. निलंग्याला उतरेपर्यंत उन्हं कलली होती. अंगणात रांगोळी नव्हती. नुसती नाही असं नव्हे, फरशीवर धूळ होती, कित्येक दिवस इथे कुणी पाणीही शिंपडलं नसावं. आणि सकाळीच माझ्या मोबाइलवर या अंगणात मोर काढलेला होता.

मलप्पादाजी दारात आले. दाढी वाढलेली, डोळे खोल. ‘अक्का? तुमी?’

‘कस्तुरा कुठंय?’

‘बिदरला गेली. भनीकडं. दोन-चार दिसानं येईल.’ आणि दारातून हलेनात.

मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढून कस्तुराला निरोप पाठवला: ‘मी तुझ्या दारात आहे.’ घराच्या आत, मागच्या खोलीत, टुण् झालं.

दाजींनी मान खाली घातली. मी त्यांना बाजूला सारून आत गेले. आयुष्यात कुणाला असं ढकललं नव्हतं.

धान्याच्या पोत्यांमागे खाट. खिडकीला जाड चादर लावलेली. कस्तुरा उशीला टेकून बसवलेली. तोंड डावीकडे ओढलं गेलेलं, उजवा हात मुठीसारखा आखडून पोटावर. खाटेजवळ शिल्पा बसली होती, मांडीवर आईचा फोन. मला बघून कस्तुराने तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. डाव्या हाताने तिने माझं मनगट धरलं ते रात्री झोप लागेपर्यंत सोडलं नाही.

शिल्पाने सगळं सांगितलं, रडत रडत. नोव्हेंबर संपता संपता तिची अव्वा, म्हणजे कस्तुरा, भाकरी थापताना परातीवर पडली. लकवा. लातूरला नेलं असतं तर कुणीतरी बघितलं असतं, म्हणून बिदरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वाचवलं, घरी सोडलं, रोज व्यायाम करून घ्या म्हणाले, तपासायला आणा म्हणाले. नेलं नाही. व्यायामाला बाई बोलावली तर ती गावभर सांगेल म्हणून तीही नाही.

‘उदगीरच्या आत्यांना अव्वाचा स्टेटस लागतोच, मावशी,’ शिल्पा म्हणाली. उदगीरच्या आत्या म्हणजे तिची होणारी सासू. ‘अव्वा दवाखान्यात असताना एक दिवस स्टेटस न्हाई, तर लगेच फोन आला त्यांचा, तब्येत बरी हाय न म्हणून. मी घाबरले अन् जुनी रांगोळी टाकली. त्यांनी बदाम पाठवला. मग रोजच टाकायला लागले.’

‘आयला लकवा म्हटलं की पोरीतबी कायतरी असंल म्हणतेत लोकं,’ दाजी दारातून बोलले. ‘पौष संपू द्या. माघात अक्षता पडल्या की दुसऱ्या दिशी लातूरला नेतो. तवर तुमी कुनाला बोलू नका, अक्का. पाया पडतो.’

इतके दिवस मी या माणसाला खुनी समजत होते. तो समोर हात जोडून उभा होता आणि माझी भीती तसूभर कमी झाली नाही. वाढली. खुन्याला ओरडून पकडून देता येतं.

आज सकाळी शिल्पाने आईला चहा पाजला. दुसऱ्याच घोटाला कस्तुराला ठसका लागला. ठसका कसला, श्वासच अडकला. डोळे बाहेर आले, ओठ काळेनिळे. मी पाठ चोळत ओरडत होते. बऱ्याच वेळाने घरघर करत श्वास आत गेला.

‘असं होतं कधीकधी,’ शिल्पा पदराने आईचं तोंड पुसत म्हणाली. तिला सवय झाली होती. त्या सवयीचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

३ जानेवारी, दुपार

जे झालं ते लिहिते. घाबरून झालं, पण माझ्याच तोंडाने झालं.

जेवणं झाल्यावर कस्तुराचा फोन वाजला. उदगीर. शिल्पाचा चेहरा पांढरा पडला. त्या बाई म्हणे आठवडाभर बोलायचंय म्हणून मागे लागल्यात. आज बोलणं झालं नाही तर उद्या गाडी काढून येते म्हणाल्यात. शिल्पाने माझ्याकडे बघितलं. ‘मावशी, तुम्ही हॉस्टेलात अव्वाचा आवाज काढायच्या न? अव्वा सांगायची. एकदाच. पाया पडते.’

नको म्हणायला हवं होतं. फोन वाजत होता, दाजी भिंतीला धरून उभे होते, पोरीने फोन माझ्यापुढे धरला होता. मी फोन घेतला.

‘हाव, बोला की हो! किती दिस झाले बगा. लई काम हाय, हात पिठातच असतेत...’

कस्तुराचाच आवाज. तिची ती शेवटी वर चढणारी ओढ, तिचं हसू. उदगीरच्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, ‘आवाज ऐकला अन् बरं वाटलं बगा.’ बस्त्याचं बोलल्या, मानपानाचं बोलल्या. मी सगळ्याला हाव हाव म्हटलं आणि फोन ठेवला. शिल्पाने मला मिठी मारली.

मग मी खाटेकडे बघितलं. कस्तुरा माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचा हरवलेला आवाज माझ्या तोंडून ऐकत होती ती, आणि तिच्यावाचून सगळं सुरळीत चाललं होतं. आजही धरून ठेवलेलं माझं मनगट तिने सोडलं. हळूहळू, सगळं बळ लावून, तोंड भिंतीकडे केलं.

मी अंगणात येऊन बसले आहे. ही अशीच भिंतीकडे तोंड करून गेली, तरी उद्या तिची रांगोळी येईल. परवा येईल. आवाज हवा असेल तर मी आहेच.

४ जानेवारी, शनिवार, लातूर

दवाखान्याच्या बाकावर बसले आहे. आत कस्तुराला तपासतायत. सकाळचं आठवेल तसं लिहिते, नाहीतर मी या बाकावर वेडी होईन.

सकाळी शिल्पाने दोन कप चहा आणला, एक मला, एक अव्वाला चमच्याने पाजायला. कस्तुरा कालपासून माझ्याकडे बघत नव्हती. कप बघून मात्र वळली. डावा हात लांबवून तिने माझ्यापुढचा कप धरला, वाकडा करून आत बघितलं, मग दुसरा बघितला. मग माझ्याकडे. पुन्हा तेच. मला काही कळेना.

शिल्पा ओशाळली. ‘मावशी, राग मानू नका. अव्वा तुमचा च्याचा फोटो रोज मोठा करून बघायची. म्हणायची, एका कपातून वाफ निघायली अन् दुसऱ्यावर साय धरलीय. दिवाळीपासून रोज. संघपालदाजी घरात न्हाईत.’

मी दोन्ही कपांकडे बघितलं.

‘मी म्हणलं, इचार की मग. तर म्हणली, फोनवर न्हाई. येळवसला बोलावते, कोपीत शेजारी बसवते अन् इचारते. समोर बसल्यावर सिंधी खोटं बोलत न्हाई.’

म्हणजे ते ‘बोलायचंय’ हे होतं. मी महिनाभर माझं काय चुकलं ते शोधत होते. आणि जिने एका कपावरून माझं घर ओळखलं, तिच्या रांगोळ्यांची मी रोज हजेरी मांडत बसले. बघितलं, बदाम टाकला, झालं.

मग मी तिच्या खाटेवर बसून सगळं सांगितलं. दाजी आणि शिल्पाच्या देखत. संघपाल मुलाकडे सहज राहायला गेले नाहीत, भांडून गेलेत. जाताना म्हणाले, तुला मी नको, फोटोला शेजारी कुणीतरी पाहिजे. त्यांच्या मागे मी जिना उतरूनही गेले नाही. घरात दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. हे सगळं बोलताना लाज वाटत होती आणि थांबता येत नव्हतं. कस्तुराने डाव्या हाताने माझं नाक पुसलं. पदराने नाही, हातानेच. मग तिने शिल्पापुढे हात केला. फोन दे.

फोन घेऊन तिने तो स्वतःच्या तोंडावर टेकवला. ओढलेल्या ओठावर. पुन्हा टेकवला.

शिल्पाला माझ्याआधी कळलं. ‘अव्वा, न्हाई. असा फोटू न्हाई टाकायचा.’

दाजी म्हणाले, ‘सोयरीक मोडल, कस्तुरे. पोरीचं वाटोळं हुईल.’

मी म्हटलं, ‘दाजी, काल तो घोट अडकला तसा आज अडकला तर? तेराव्याला पण जुनी रांगोळी टाकणार?’ फार कडू बोलले. पण ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

शिल्पा बराच वेळ आईकडे बघत राहिली. लग्न तिचं होतं. मग उठून तिने खिडकीवरची चादर ओढून काढली. इतक्या उजेडाने कस्तुराचे डोळे मिटले, मग उघडले. शिल्पाने फोटो काढला. ‘काय लिहू, मावशी?’

‘काही लिहू नकोस. तिच्या वतीने आता कुणी काही बोलायचं नाही.’

शिल्पाने फोन धरला आणि कस्तुराने डाव्या अंगठ्याने तो फोटो स्टेटसला टाकला. अंगठा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा गेला.

आम्ही सगळे त्या यादीकडे बघत राहिलो. सरजा. ग्रुपमधल्या एकेक. आणि मग उदगीर. बघितलं. पुढे काही नाही. बदाम नाही, फोन नाही, काही नाही. हे मी काय करवून घेतलं?

दाजींनी लातूरला न्यायला बोलावलेली जीप येईपर्यंत पलीकडच्या घरची बाई धावत आली. भिंतीला भिंत लागून राहते ती. कस्तुराला बघून दारातच बसली. ‘यव्वा, तुजी रांगोळी रोज मोबाइलात बघत व्हते की म्या! अंगण कोरडं दिसायचं, तर म्हणलं, फोटू काडून पुसत असतील.’

१४ जानेवारी, मंगळवार, लातूर

दहा दिवस लिहिण्यासारखी नव्हते. डॉक्टर दाजींवर ओरडले, मग माझ्यावर ओरडले, मी कोण हे न विचारताच. अन्नपाणी श्वासनळीत जाऊन छातीत पू झाला होता. रक्तदाब इतका वाढलेला, की आणखी थोडे दिवस घरी ठेवलं असतं तर आणायची गरज राहिली नसती, म्हणाले. आता नाकातून नळी आहे. ताप उतरलाय. हात कितपत येईल सांगता येत नाही. बोलणं थोडंफार येईल, कदाचित. सुरुवातीचे दिवस वाया गेले, ते परत मिळणार नाहीत.

आज संक्रांत. सरजा तिळाचे लाडू घेऊन आली आणि कस्तुराच्या पायाशी बसून हमसून रडली. ग्रुपवरच्या बाकीच्यांनी फुलं पाठवलीत, मोबाइलमधली.

उदगीरहून आत्यांचा फोन नाही. नवरा मुलगा मात्र रविवारी येऊन गेला. वर आला नाही. खाली टपरीवर शिल्पाशी बोलला. ती वर आली तेव्हा डोळे लाल होते. काय म्हणाला विचारलं, तर म्हणाली, ‘घरी बोलतो म्हणला.’ दाजी ऐकून बाहेर निघून गेले. मला त्या पोरीच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते. ती मात्र माझ्यासाठीही डबा आणते.

१९ जानेवारी, रविवार, नांदेड

काल घरी आले. घर बंद राहिल्याचा वास. फ्रिजमध्ये तो चहा, त्यावर बुरशी. ओतून टाकला.

सकाळी एक कप चहा केला. टेबलावर ठेवला, फोटो काढला. टाकू की नको करत बराच वेळ बसले; दोन कपांचे फोटो टाकताना कधी हात अडला नव्हता. शेवटी टाकला. यादीत सगळ्यांत आधी संघपाल, नेहमीसारखे. ते रोज हे दोन कप बघत होते आणि दुसऱ्यातून कुणीच पीत नाही ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, हे आज पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. त्यांनी काही लिहिलं नाही. संध्याकाळी मीच फोन करणार आहे. काय बोलायचं माहीत नाही. उचलणार नाहीत अशी धास्ती आहे, आणि उचलतील अशीही.

हे लिहीत असतानाच मोबाइल वाजला. कस्तुरा. लिहिलेला निरोप नाही, बोललेला. ऐकायचं धाडस होईना, फोन कानाला लावून तशीच बसले. मग ऐकला. आधी नुसती घरघर. शिल्पाचा आवाज, ‘बोल अव्वा, बोल.’ पुन्हा घरघर. आणि मग, ओढून, तोडून, अर्धवट:

‘...च्या... पी...’

बराच वेळ रडत बसले. मग चहा प्यायले, गार झाला होता तरी सगळा.